शिकवलेला पोरगा समोर दुकान टाकेल? मग फ्रेड बेअर यांची गोष्ट वाचाच!



प्रत्येक बॅचमध्ये एक प्रश्न हमखास येतो. "सर, दुकानातल्या पोराला सगळं शिकवलं आणि उद्या त्यानेच समोर दुकान टाकलं तर?" मी स्टेजवरून छान उत्तर देतो. लोक टाळ्या वाजवतात. पण आज एक कबुली देतो. माझ्या स्वतःच्या दुकानात मी बरोबर उलटं वागत होतो.

माझं स्पोर्ट्सचं दुकान आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. बॅडमिंटन रॅकेटचं गटिंग हे आमचं मुख्य काम. माझ्याकडे दोन वर्षांपासून एक पोरगा आहे. हुशार, वेळेवर येणारा. तो कितीदा तरी म्हणाला, "दादा, मला गटिंग शिकवा ना." आणि मी प्रत्येक वेळी म्हणालो, "बघू, सीझन संपू दे." सीझन संपला, दुसरा आला, तोही संपला. खरं कारण सीझन नव्हतं. कारण भीती होती.

आता गंमत बघा. मला गटिंग कोणी शिकवलं? माझ्या आधी वीस वर्षं हाच धंदा करणाऱ्या एका काकांनी. नात्याने कोणी नाहीत. बीबीए झाल्यावर मी त्यांच्याकडे नुसता माल बघायला गेलो होतो. त्यांनी मला बाजूच्या स्टुलावर बसवलं आणि हातात रॅकेट दिली. तार किती ओढायची, बावीस पाउंड कधी आणि सव्वीस पाउंड कधी, फ्रेम कुठे तडकते, सगळं दाखवलं. फी? रोजचा एक कटिंग चहा, तोही बऱ्याचदा तेच पाजायचे.

मागच्या दिवाळीनंतर काका गेले. त्यांच्या तेराव्याला आजूबाजूच्या तालुक्यांतले चार दुकानदार भेटले. चौघांनाही काकांनीच शिकवलं होतं. घरी येताना गाडीवर एकच विचार डोक्यात होता. माझ्यामागे असे किती जण येतील?

हे सगळं मनात असतानाच मला फ्रेड बेअर भेटले. म्हणजे पुस्तकात आणि जुन्या फिल्ममध्ये.

धनुष्याचा शोध घेता घेता

झालं असं, की २०२३ मध्ये बर्लिनच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये आपली अदिती स्वामी आणि ओजस देवतळे यांनी तिरंदाजीत सुवर्णपदकं जिंकली. दोघंही साताऱ्यात सराव करणारे. तेव्हापासून दुकानात पालक येऊन धनुष्याची चौकशी करू लागले. मला क्रिकेटच्या बॅटमधलं कळतं, धनुष्यातलं शून्य. जे विकायचं ते आधी समजून घ्यायचं, हा आपला नियम. म्हणून वाचायला बसलो. पहिलीच गोष्ट आवडली. धनुष्याची ताकदसुद्धा पाउंडातच मोजतात, आपल्या रॅकेटच्या तारेसारखी!

वाचता वाचता अमेरिकेतल्या पारंपरिक धनुष्याने शिकार करणाऱ्या लोकांपर्यंत पोहोचलो. हे लोक आजही पुली आणि चाकं लावलेलं आधुनिक कंपाउंड धनुष्य न घेता लाकडाचं साधं धनुष्य वापरतात. आणि त्यांच्यात एक नाव घरातल्या वडीलधाऱ्यासारखं घेतलं जातं. फ्रेड बेअर. लाडाने 'पापा बेअर'.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती असायलाच हवी. त्यामुळे आपण इथून शिकार शिकायची नाही. एका माणसाने शिकलेलं पुढे कसं दिलं, तेवढं बघायचं.

तळघरातली शाळा

फ्रेड बेअर यांचा जन्म १९०२ चा, पेनसिल्व्हेनियातल्या वेन्सबरो गावचा. एकविसाव्या वर्षी ते डेट्रॉइटला आले, मोटारगाड्यांच्या शहरात. तिथे नोकरी करत असताना १९२७ मध्ये त्यांनी एक फिल्म पाहिली. अलास्काच्या जंगलात आर्थर यंग नावाचा माणूस धनुष्यबाण घेऊन फिरतोय, असं त्यात दाखवलं होतं. बेअर यांच्या डोक्यात ते घुसलंच.

पुढे या यंग यांच्याशी त्यांची प्रत्यक्ष ओळख झाली. यंग त्या काळी या क्षेत्रातले नावाजलेले. ते म्हणू शकले असते, "बाबा रे, ही माझी कला आहे, मी का सांगू?" पण तसं झालं नाही. बेअर यांच्या घराच्या तळघरात दोघं बसू लागले. लाकूड कसं तासायचं, बाण कसे बनवायचे, दोरी कशी वळायची, नेम कसा धरायचा, सगळं यंग यांनी हाताला हात लावून शिकवलं.

यंग यांची मूठ उघडी का होती? त्यासाठी आणखी मागे जावं लागतं.

ज्याचं सगळं गेलं, त्यानेही शिकवलं

१९११ साली कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावाजवळ एक उपाशी, थकलेला माणूस जंगलातून बाहेर आला. याही या आदिवासी जमातीतला तो शेवटचा माणूस. गोऱ्या वसाहतवाल्यांच्या हत्याकांडांत आणि उपासमारीत त्याची सगळी माणसं संपली होती. आपलं नाव आपल्याच तोंडाने सांगायचं नाही, अशी त्यांच्यात रीत होती. म्हणून अभ्यासकांनी त्यांना 'इशी' म्हटलं. त्यांच्या भाषेत याचा अर्थ माणूस.

इशी सॅन फ्रान्सिस्कोत विद्यापीठाच्या म्युझियममध्ये राहू लागले. तिथे सॅक्स्टन पोप नावाचे सर्जन त्यांचे डॉक्टर झाले आणि मग मित्र. इशींनी पोप यांना धनुष्य कसं घडवायचं, बाणाचं टोक कसं काढायचं, जनावराच्या जवळ आवाज न करता कसं जायचं, हे शिकवलं. १९१६ मध्ये क्षयाने इशी गेले. पोप यांनी ते ज्ञान स्वतःजवळ ठेवलं नाही. १९२३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. याच पोप यांचे जोडीदार म्हणजे आपले आर्थर यंग.

आता साखळी बघा. इशी, पोप, यंग, बेअर. ज्या समाजाने इशींचं सगळं हिरावलं, त्याच समाजातल्या माणसाला त्यांनी शिकवलं. हे वाचल्यावर मला माझ्या 'बघू, सीझन संपू दे'ची लाज वाटली.

कारखाना जळाला, कला उरली

१९३३. अमेरिकेत महामंदी. बेअर ज्या कारखान्यात व्यवस्थापक होते, तिथे टायरची कव्हरं बनायची. त्याला आग लागली आणि नोकरी गेली. एका मित्राला बरोबर घेऊन त्यांनी ६०० डॉलरच्या सामानावर गॅरेजमध्ये काम सुरू केलं.

इथे लक्ष द्या, कारण नवे उद्योजक इथेच चुकतात. त्यांनी पहिल्या दिवसापासून धनुष्यावर घर चालवलं नाही. मुख्य काम होतं मोटार कंपन्यांसाठी जाहिरातीचं साहित्य छापण्याचं. कोपऱ्यात धनुष्य, बाण आणि इतर सामान बनायचं. छपाईने भाकरी दिली, धनुष्याला वेळ मिळाला. काही वर्षांनी धनुष्याचं काम पुरेसं वाढलं, तेव्हा छपाईतला आपला हिस्सा सोडून ते पूर्णवेळ धनुष्याकडे वळले.

मधल्या काळात, १९३५ मध्ये, आर्थर यंग वारले. शिकवणारा गेला. आता पुढची जबाबदारी बेअर यांची.

गिऱ्हाईकच नव्हतं, मग ते घडवलं

त्या काळात बहुतेक लोक धनुष्याला मुलांचं खेळणं समजायचे. बंदुकीच्या जमान्यात हे कोण घेणार? आपल्या भाषेत सांगायचं तर मार्केटच नव्हतं.

बेअर यांनी स्वस्त मालाचा बोर्ड लावला नाही. ते गावोगावच्या क्रीडा प्रदर्शनांत जाऊन लोकांसमोर नेम मारून दाखवायचे. धनुष्यवाल्यांसाठी वेगळा हंगाम मिळावा म्हणून त्यांनी इतरांसोबत पाठपुरावा केला. १९३४ मध्ये शेजारच्या विस्कॉन्सिन राज्याने असा हंगाम दिला आणि १९३७ मध्ये मिशिगनने दोन काउंट्यांत. दोरीने बोटं सोलली जातात म्हणून त्यांनी खास हातमोजा बनवला. पुढे जसा यंग यांनी फिल्ममधून त्यांना ओढला होता, तसेच ते स्वतः कॅमेरा घेऊन अलास्का, कॅनडा, आफ्रिका, अगदी भारतापर्यंत आले आणि फिल्म बनवून लोकांना दाखवत राहिले.

म्हणजे त्यांनी आधी शिकवलं, मग विकलं. ज्याला धनुष्य ओढता येत नाही, तो धनुष्य विकत कशाला घेईल?

सगळं सरळ झालं असंही नाही. १९४७ मध्ये त्यांनी काम ग्रेलिंग या छोट्या गावात नेलं. १९४९ च्या सुमारास धनुष्यात ॲल्युमिनियमची पट्टी घालून पाहिली. ती धनुष्यं टिकेनात. तो प्रयोग सोडला आणि लाकडावर फायबरग्लास चढवण्याची पद्धत पक्की केली. त्यामुळे चांगलं धनुष्य मोठ्या संख्येने बनू लागलं आणि सामान्य माणसाच्या हातात आलं. १९६८ मध्ये त्यांनी कंपनी एका मोठ्या कंपनीला विकली, पण स्वतः कामावर येत राहिले. २७ एप्रिल १९८८ रोजी फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलमध्ये ते गेले, तेव्हा वय होतं ८६.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे या. त्यांनी लोकांना शिकवलं म्हणून स्पर्धा वाढली का? वाढली. धनुष्य बनवणारे कितीतरी कारखाने आले. कंपाउंड धनुष्याने तर बाजारच पालटला. पण मार्केट मोठं झालं नसतं, तर बेअर यांचा कारखानाही मोठा झाला नसता. छोट्या भाकरीचा मोठा तुकडा राखत बसण्यापेक्षा त्यांनी भाकरीच मोठी थापली.

मग मी काय केलं?

पुढच्या सोमवारी दुकान उघडलं आणि पोराला काकांसारखंच बाजूच्या स्टुलावर बसवलं. पहिल्या आठवड्यात त्याने दोन फ्रेम तडकवल्या. दोन्ही माझ्या खर्चाने भरून दिल्या. जीव थोडा वर-खाली झाला, खोटं कशाला बोलू? पण आता मी बॅचसाठी बाहेरगावी असलो तरी गटिंगचं काम थांबत नाही. आधी मी नसलो की गिऱ्हाईक दुसरीकडे जायचं.

तो उद्या स्वतःचं दुकान टाकेल का? टाकेलही. मी टाकलंच होतं ना? काकांनी तेव्हा उद्घाटनाला येऊन नारळ फोडला होता.

तुमच्यासाठी या आठवड्याचं होमवर्क:

- तुम्हाला धंदा कोणाकडून आला, ते नाव वहीत लिहा. ती व्यक्ती हयात असेल तर आजच फोन करा. मी काकांना करायचा राहून गेलो.
- तुमच्याशिवाय दुकानात अडतं असं एक काम निवडा आणि ते एका माणसाला शिकवायला सुरुवात करा.
- शिकताना होणाऱ्या नुकसानीसाठी महिन्याला ठरावीक रक्कम बाजूला ठेवा. म्हणजे चूक झाली की आवाज चढणार नाही.
- तुमची वस्तू वापरायची कशी, हे गिऱ्हाइकाला दाखवणारा एक तास आठवड्यातून ठेवा. फुकट. विक्रीचं नावही काढू नका.

गटिंग कसं शिकवायचं, ते पुढच्या व्हिडिओत दाखवतो. रॅकेट माझी, पण हात त्या पोराचे असतील.

भेटूया!