साडेतीन किलोंचा हिशेब

नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल हा झाडीपट्टीतला धानाचा मुलूख. मळणी आटोपली की इथल्या खरेदी केंद्रांवर कट्टे येऊ लागतात. आधारभूत किमतीच्या खरेदीत धानाचा ओलावा १७ टक्क्यांपर्यंत चालतो. असं १७ टक्क्यांचं एक क्विंटल धान गोदामात पडून पडून १४ टक्क्यांवर आलं असं धरू. त्यातला कोरडा भाग ८३ किलो. तो तेवढाच राहतो, उडून जातं ते पाणी. हिशेब केला की हाती उरतात साधारण ९६.५ किलो. कुणी मूठभरही चोरलं नाही, उंदरांनी पोतं कुरतडलं नाही, तरी साडेतीन किलो गेले. हजार क्विंटलांमागे ३५ क्विंटल. माणसं कशी सांभाळावीत आणि धंदा कसा चालवावा हे शिकवणाऱ्या पुस्तकांना तोटा नाही. पण या साडेतीन किलोंशी गोदामप्रमुख कसा वागतो, यावरून त्याची जी पारख होते ती दुसऱ्या कशाने होईल असं वाटत नाही.

कडक साहेबाची रीत सगळ्यांच्या ओळखीची आहे. ‘जेवढं घेतलं तेवढं भरून द्या, घट-बिट काही ऐकणार नाही.’ ऐकायला हे शिस्तीचं वाटतं. पण पाणी काही साहेबाचा हुकूम मानत नाही. मग खालच्या माणसापुढे थोड्याच वाटा उरतात: काट्यावर शेतकऱ्याचं माप किलो-दीड किलो चढं घ्यायचं, माल बाहेर काढायच्या आदल्या रात्री पोत्यांवर पाणी मारायचं, नाहीतर वहीतच हात फिरवायचा. घट नाहीशी होत नाही, ती ज्याला बोलता येत नाही त्याच्या डोक्यावर सरकते. याहून मोठं नुकसान वहीचं होतं. पत्रा गळून कोपऱ्यातली थप्पी खरोखरच भिजली, तरी तीही त्याच खोट्या आकड्यांत बुडते. कारण तूट सांगणारा आधी गुन्हेगार ठरतो. शून्य घट मागणाऱ्याला ती मिळतेच, फक्त कागदावर. महिन्याच्या विक्रीचा आकडा दरडावून मागणाऱ्या दुकानदाराचं आणि निकाल शंभर टक्के हवा म्हणणाऱ्या शाळेचं वेगळं काय होतं?

यावर आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे: घट मान्य केली की चोरांचं फावेल. सरसकट मान्य केली तर नक्कीच फावेल. ‘दोन टक्के चालतील’ असं ठरवून टाकलं, की कोरड्या धानाच्या थप्पीतूनही इमानेइतबारे दोन टक्के जाऊ लागतात. सूट हवी, पण मोजलेली. प्रत्येक थप्पीला एक पत्रक टांगायचं. त्यावर आल्याची तारीख, कट्टे, वजन आणि येतानाचा ओलावा लिहायचा, जाताना पुन्हा ओलावा मोजायचा. १७ वरून १४ वर आलेल्या थप्पीला क्विंटलमागे साडेतीन किलो माफ. १५ वरून १४ वर आलेलीला मात्र सव्वा किलोही नाही, त्यापुढच्या प्रत्येक किलोचा जाब विचारायचा. सगळा माल एका आकड्यात ओतला तर पाणी कोणतं आणि चोरी कोणती हे कळायला मार्ग नाही. वेगळं ठेवण्याची किंमत नागभीड तालुक्याला कुणी सांगायला नको. याच तालुक्यातल्या नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांना १९८३च्या सुमारास धानात काही वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या आढळल्या. त्या त्यांनी राशीत मिसळू दिल्या नाहीत, निराळ्या ठेवल्या, निराळ्या पेरल्या. त्यातून आलेला तांदूळ पुढे मनगटी घड्याळाच्या नावाने ‘एचएमटी’ म्हणून देशभर गेला.

दुसरा आक्षेप नव्या जमान्याचा. भिवंडीच्या मोठमोठ्या गोदामांत स्कॅनर आहेत, संगणक आहेत, मग ही पत्रकं कशाला? स्कॅनर पोतं कुठे आहे ते सांगतो, आत धान तापू लागलंय हे सांगत नाही. ते सगळ्यांत आधी कळतं हमालाला. ओला कट्टा पाठीवर जड लागतो, हाताला ऊबट लागतो, कुबट वास नाकात जातो. पण हमाली मिळते कट्ट्यामागे. थांबून ‘या थप्पीचा खालचा थर बघा’ असं सांगण्यात त्याची तेवढी मजुरी बुडते, वर ‘गाडी खोळंबली’ म्हणून बोलणी खावी लागतात. त्याने तोंड उघडावं असं वाटत असेल तर त्या थांबण्याचे पैसे मोजायला हवेत. पाठीवर थाप मारून हे काम होत नाही.

राहिला प्रश्न वरच्यांचा. भरडाईचं प्रमाण ठरलेलं असतं, क्विंटलभर धानामागे ६७ किलो तांदूळ. ते धान उचलायचा आदेश कधी निघेल, हे मात्र गोदामप्रमुखाच्या हाती नसतं. महिनोन्महिने माल ताडपत्रीखाली राहिला, उन्हाळा लागला, की पाणी उडतच राहतं, आणि जाब विचारला जातो किल्ली ज्याच्याकडे आहे त्याला. म्हणून थप्पीच्या पत्रकावर आणखी दोन तारखा लिहिलेल्या असाव्यात: उचल कधी मागितली आणि आदेश कधी आला.