कासूचा रस्ता आणि डिकीतले खण

मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाला २०११ मध्ये हात लागला. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे पुढे दोन तुकडे झाले, पळस्पे ते कासू आणि कासू ते इंदापूर. पेण आणि नागोठण्याच्या मधलं कासू हे आमचं लहानसं गाव त्यामुळे वर्षानुवर्षं बातम्यांत येत राहिलं, आणि बातमी बहुतेक वेळा खड्ड्यांचीच असायची. फोर बाय फोर घेऊन सह्याद्रीत, पुढे राजस्थान-स्पितीकडे भटकणाऱ्या आम्हा मंडळींना गाडीत सामान कसं बांधावं हे याच रस्त्याने शिकवलं.

त्याआधी सामानाची जागा म्हणजे टप. माझगावात १९४९ मध्ये पहिली विलीज जीप जोडली गेली. तिच्यामागून ट्रॅक्स आल्या, सुमो आल्या, आणि कॅरिअरवर ताडपत्री टाकून दोर आवळायची रीत कायम राहिली. लग्नाच्या वऱ्हाडाला ती पुरते. पण तिरप्या उतारावर एक चाक दगडावर चढलं की टपावरचं वजन गाडीला खालच्या बाजूला खेचतं. ज्याने हे एकदा अनुभवलं, तो जड सामान पुन्हा वर ठेवत नाही.

मग २०१० मध्ये थार आली, २ ऑक्टोबर २०२० ला तिचा नवा अवतार, पाठोपाठ २०२१ ची नवी गुरखा आणि २०२३ ची जिमनी. गाड्या दमदार, पण डिक्या तोकड्या. मागची सीट उभी ठेवली तर जिमनीत जेमतेम २०८ लिटर जागा उरते. ऑस्ट्रेलियात एआरबीसारखी कंपनी १९७५ पासून अशा गाड्यांचं सामान बनवते आहे, तिथले तयार ड्रॉवर उत्तम असतात. पण ते तिथल्या लांबलचक गाड्यांच्या मापाचे. आपल्या गाडीचं माप आपल्यालाच घ्यावं लागतं आणि गावच्या सुताराकडे जावं लागतं.

आमच्या सुताराने माप घ्यायच्या आधी गाडीत बसून नागोठण्यापर्यंत चक्कर मारायला लावली. परतल्यावर म्हणाला, "दादा, घर हलत नाय, गाडी हलते. सांधा नुसत्या स्क्रूवर नको, बोल्टावर घेऊ." सगळं काम या एका वाक्यावर उभं राहिलं. प्रत्येक कोपऱ्यात लोखंडी अँगल, आरपार बोल्ट आणि दणक्यांनी सैल न होणारा नायलॉनचा नट.

प्लायचा विचार त्याहून जास्त झाला. घरच्या कपाटाला सर्रास १८ मिलिमीटरचा प्लाय लागतो. त्याची आठ बाय चारची एक शीट पस्तीसेक किलो भरते. १२ मिलिमीटरची तेवीस-चोवीस किलोत बसते. गाडी वाहू शकते ते वजन ठरलेलं असतं. ते लाकडातच संपलं तर पाणी आणि शिधा कुठे ठेवणार? म्हणून १२ मिलिमीटर, आणि तोही मरीन, आयएस ७१० चा. धरमतर खाडीचा खारा वारा आणि कोकणातला पाऊस साध्या प्लायच्या कडा फुगवतो. कापलेल्या प्रत्येक कडेला रंगाचे दोन हात दिले, स्क्रू-बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घेतले.

खण सरकवायला घरच्या फर्निचरचे छर्ऱ्यांचे चॅनेल इथे टिकत नाहीत. धूळ शिरते, दणक्याने छर्ऱ्यांची वाट लागते. जाड नायलॉनच्या पट्ट्यांवर खण सरकतो, थोडा जड चालतो, पण बिघडण्यासारखं त्यात काही नाही. चढावर तो आपोआप उघडू नये म्हणून समोर साधी कडी.

खणात काय कुठे, हे मला पेणच्या गणपती कारखान्यांनी सुचवलं. लांबच्या गावी जाणारी मूर्ती पेंढ्यात अशी घट्ट बसवतात की तिला हलायला जागाच राहत नाही. जॅक, पाने, ओढायचा पट्टा, हवेचा पंप, प्रत्येकाला त्याच्या मापाचा गाळा, आतून सायकलच्या जुन्या ट्यूबचं अस्तर. खडखड तर गेलीच, पण मोठी गोष्ट सुरक्षिततेची. ताशी ६० किलोमीटरने निघालेली वस्तू थेट अडली तर तिचा मार १४ मीटरवरून, म्हणजे चार-पाच मजल्यांवरून पडल्यासारखा असतो. मोकळा पान्यांचा डबा सीटमागे ठेवून मुलांना गाडीत बसवणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो.

कायद्याची बाजूही याच काळात स्पष्ट झाली. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल पाहता गाडीचा मूळ सांगाडा बदलणं चालणार नाही. आम्ही एकही भोक पाडलं नाही, वेल्डिंग केलं नाही. कंपनीने दिलेल्या बोल्टांच्या जागांवरच चौकट बसवली. चार बोल्ट काढले की दोन माणसं ती उचलून ओटीवर ठेवतात आणि गाडी पुन्हा घरची होते.

आता रस्ता बराच काँक्रीटचा झाला आहे आणि वडखळनंतर पूर्वीसारखे दणके बसत नाहीत. मांडणी मात्र तीच आहे. बदलायचं आहे ते पाण्याचं. वीस लिटरचा कॅन म्हणजे वीस किलो, आणि तो अजून पार मागे, दारापाशी आहे. या पावसाळ्यात तो पुढच्या सीटच्या पाठीशी, अगदी तळाला आणायचा आहे. त्यासाठी उजवा खण हातभर आखूड करावा लागेल. सुताराला सांगून ठेवलं आहे.