गच्चीवरील टोमॅटो-मिरची आणि स्वतः पाणी घेणारी बादली

यंत्रमागाच्या गावात घरापुढे अंगण नसते, डोक्यावर गच्ची असते. मालेगाव घ्या, भिवंडी घ्या, या गच्च्यांवर कुंडीत टोमॅटो-मिरची लावणारी घरे पुष्कळ आहेत. पण मार्च उलटल्यावर ती रोपे जिवंत ठेवणारी थोडी. दोष रोपाचा नसतो. नळाला पाणी रोज नाही, घरचा कर्ता बारा तास मागावर, बायकांच्या मागे घरकाम आणि कांड्या भरण्याचे काम. दुपारी दोन वाजता कुंडी कोरडी पडली तर पाहणार कोण? कारागिराच्या घराला असे भांडे हवे की जे दोन दिवसांचे पाणी पोटात ठेवील आणि रोपाला लागेल तसे देत राहील. असे भांडे दोन बादल्यांपासून घरच्या घरी बनते. त्याची रीत आणि त्यात कारोबार किती आहे याचा हिसाब, या दोन्ही गोष्टी येथे सांगतो.

कल्पना अगदी नवी नाही. रोपाशेजारी मातीचा मटका गळ्यापर्यंत पुरून त्यात पाणी भरायचे, ही मटका-सिंचनाची रीत आपल्याकडे जुनी आहे. हीच सोय प्लॅस्टिकच्या पेटीत बसवली ती अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या ब्लेक व्हिसनंट या टोमॅटो पिकवणाऱ्या शेतकऱ्याने. १९९० च्या दशकात 'अर्थबॉक्स' या नावाने ती पेटी बाजारात आली. पुढे लोक तीच गोष्ट साध्या बादल्यांतून घरी करू लागले.

रचना समजली की निम्मे काम झाले. खालच्या बादलीत पाणी, तिच्यात बसवलेल्या वरच्या बादलीत माती, आणि दोन्हींच्या मध्ये बोटभर हवा. माती पाण्यात बुडता कामा नये, कारण मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. पाणी वर चढते ते कंदिलाच्या वातीत तेल चढते तसे. शास्त्रात याला केशाकर्षण म्हणतात. मुळे जितके ओढतील तितकेच खालून वर येते, म्हणून रोप ना तहानते ना कुजते.

आता ही वात कशाची करावी? येथे मी कपड्याचा व्यापारी असूनही फसलो. दुकानात ग्रे कापडाचे तुकडे पडलेले होते, त्यांच्या पट्ट्या कापून वाती केल्या. खालची बादली काठोकाठ भरलेली आणि वर रोपे माना टाकून उभी! कोऱ्या सुतावर कापसाचे नैसर्गिक मेण असते, त्यावर ताण्याला सायझिंगची खळ. असे कापड पाणी पीत नाही. प्रोसेस हाउसमध्ये कापडावर पाण्याचा थेंब टाकून पाहतात, चार-पाच सेकंदांत जिरला तर कापड उकळून साफ झाले असे समजतात. हाच तपास वातीलाही लावावा. दुसऱ्या वेळी ब्लीच केलेले सुती कापड घेतले. पाणी छान चढले, पण हंगाम संपायच्या आत वात कुजून तुटली. पॉलिस्टरचा तंतू स्वतः पाणी पीत नाही, मात्र गुंफलेल्या दोरीतील बारीक फटींतून पाणी चढते आणि ती कुजत नाही. फक्त सुतावरचे तेल जाण्यासाठी ती गरम पाण्यात साबणाने धुऊन घ्यावी.

या सगळ्या फजितीनंतर कळले की उत्तम वात म्हणजे मातीच. वरच्या बादलीच्या तळाला मधोमध सात-आठ सेंटिमीटरचे भोक पाडावे, त्यात बाजूंना छिद्रे पाडलेला प्लॅस्टिकचा ग्लास अडकवावा आणि तो ओल्या मिश्रणाने दाबून भरावा. ग्लासाचे टोक खालच्या पाण्यात बुडलेले राहते आणि पाणी तेथून चढते.

बाकीची जोडणी अर्ध्या तासाची आहे. २० लिटरच्या दोन सारख्या बादल्या घ्याव्यात. एकात एक घातल्यावर तळांमध्ये फार कमी जागा उरते, म्हणून चार इंची पीव्हीसी नळीचे दोन-तीन तुकडे खाली उभे करून ती जागा आठ-दहा सेंटिमीटर करावी, म्हणजे चार-पाच लिटर पाणी मावते. भर हंगामात मोठे झालेले टोमॅटोचे झाड दिवसाला दोन लिटर किंवा जास्तही पिते, तेव्हा यापेक्षा लहान टाकी ठेवू नये. वरच्या तळाला सहा मिलिमीटरची पंधरा-वीस छिद्रे हवेसाठी. कडेला एक इंची नळी थेट खालच्या बादलीपर्यंत उतरवावी, तिचे खालचे टोक तिरपे कापावे, नाहीतर ते तळाला चिकटून पाणी उतरत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे भोक खालच्या बादलीला बाहेरून: वरच्या बादलीच्या तळापेक्षा एक सेंटिमीटर खाली. पाणी येथून सांडू लागले की टाकी भरली. हे भोक विसरले तर पहिल्या मोठ्या पावसात मुळे बुडून झाड जाते.

बादली कोणती घ्यावी यावर मी जरा कडक बोलणार आहे. आपल्या गावांत रंगखात्याचे रिकामे पिंप भंगारात स्वस्त मिळतात. कॉस्टिक, हायड्रो, पेरॉक्साइड, ॲसिड, रंग यांपैकी काहीही ज्यात होते ते भांडे खाण्याच्या रोपाला वापरू नये, कितीही धुतले तरी. प्लॅस्टिकमध्ये काय मुरले ते डोळ्यांना दिसत नाही. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत घातक रसायनांनी दूषित असे रिकामे पिंप घातक कचऱ्यातच धरले आहेत. ज्याला बादल्या विकायच्या आहेत त्याने तर हे लक्षात ठेवावेच. तळाला त्रिकोणात २ किंवा ५ आकडा असतो, तो प्लॅस्टिकची जात सांगतो, आत काय भरले होते ते नाही. बेकरी, हलवाई, केटरर यांच्याकडील तेल, तूप, लोणचे यांच्या बादल्या घ्याव्यात. रंगखात्याचे सांडपाणीही टाकीत घालू नये, हे वेगळे सांगायला नको.

दुसरा धोका डासांचा. साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो आणि उन्हाळी हवेत आठ-दहा दिवसांत नवा डास उडतो. नळीच्या तोंडाला व सांडव्याच्या भोकाला मच्छरदाणीची जाळी बांधावी, दोन बादल्यांच्या काठांमधील फट कापडाच्या पट्टीने बंद करावी. महापालिकेचा तपासनीस गच्चीवर आला तर त्याने प्रथम हेच पाहावे.

शेतातील काळी माती येथे चालत नाही. ती ओली झाली की घट्ट बसते, हवा राहत नाही. कोकोपीट दोन भाग, गांडूळखत एक भाग, थोडे भाताचे तूस, आणि बादलीला मूठभर डोलोमाइट किंवा जिप्सम. पाच किलोची कोकोपीटची वीट भिजल्यावर साठ-सत्तर लिटर होते. खत धरून पाच-सहा बादल्या भरतात. टोमॅटोच्या बुडाला काळा चट्टा पडतो तो चुनखताच्या अभावाने आणि पाणी कधी जास्त कधी कमी झाल्याने. या बादलीत पाणी सारखे मिळते म्हणून तो रोग कमी दिसतो. मात्र बोअरचे पाणी असेल तर दुसरी अडचण येते. पाणी नेहमी खालून वर जाते, क्षार वरच राहतात आणि मातीवर पांढरा थर धरतो. पंधरा दिवसांनी एकदा वरून दोन-तीन लिटर पाणी ओतून तो सांडव्याने बाहेर काढावा. त्यानंतर १९:१९:१९ खत लिटरला दोन ग्रॅम असे वरूनच द्यावे. टाकीत खत घातले तर शेवाळ व वास येतो.

एका बादलीत टोमॅटोचे एकच रोप. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे 'अर्का रक्षक' हे वाण पानांच्या विषाणूला आणि मर रोगाला तोंड देते. मिरचीत राहुरी विद्यापीठाची 'फुले ज्योती' किंवा 'पुसा ज्वाला'. ढोबळी मिरची नाजूक, तिला थंडीच हवी. रोपे सप्टेंबर-ऑक्टोबरात लावावीत. पारा पस्तिशीच्या वर गेला की टोमॅटोचे फूल गळते आणि तेथे पाण्याचा इलाज नाही. साधी मिरची मात्र हिरवी जाळी बांधल्यास मे महिना काढते, फक्त चुरडामुरड्यावर नजर ठेवावी.

वजनाचेही बोलले पाहिजे. भरलेली बादली वीस किलोच्या घरात जाते. चौरस मीटरला नऊ बादल्या खेटून ठेवल्या तर १८० किलो, आणि चढता येणाऱ्या गच्चीसाठी बांधकामात साधारण १५० किलोचा भार धरतात. म्हणून बादल्या भिंतीच्या व बीमच्या रेषेवर ओळीने ठेवाव्यात. पत्र्याच्या छपरावर नाहीत, जुन्या चाळीच्या गच्चीवर तर विचारूनच.

आता हिसाब. माझ्या बारा बादल्यांतून घराची भाजी निघते, बाजाराचा माल निघत नाही. चांगले झाड हंगामात तीन-चार किलो टोमॅटो देते. जुलै २०२३ मध्ये किरकोळ भाव शंभराच्या बराच वर गेला तेव्हा अनेकांना गच्चीत सोने दिसू लागले. त्याच वर्षी सप्टेंबरात नाशिककडच्या शेतकऱ्यांना भाव नाही म्हणून माल रस्त्यावर ओतावा लागला. ज्या जिन्नसाचा भाव दोन महिन्यांत असा फिरतो, तो पन्नास किलो पिकवून व्यापार होत नाही.

कारागिराचा माल ही बादली आहे. आमच्या मोहल्ल्यातील एका जॉबरचे माग भंगारात गेले, पण ड्रिल मशीन आणि हात राहिले. तो रोपासह तयार जोडी बनवतो. मागच्या हंगामात त्याला दोन बादल्या १६० रुपये, नळी-ग्लास-जाळी ३०, मिश्रण ९०, रोप १०, असे २९० पडले आणि फ्लॅटवाल्या गिऱ्हाइकाने ४५० रोख दिले. नर्सरीवाला ३६० देतो आणि पैसे दीड महिन्याने. शिवाय तोवर रोप मेले तर कापून घेतो. म्हणून नर्सरीला रोपाशिवायची बादली द्यावी, आणि थोडीच. काम ऑगस्ट ते जानेवारी, नंतर मागणी बसते.

त्याच्याकडे पहिल्या खेपेत पाच बादल्या परत आल्या. एकीचा सांडवा चुकून वर पडला होता. उरलेल्या चारांत काहीच बिघाड नव्हता. गिऱ्हाइके सवयीने रोज सकाळी वरून पाणी ओतत होती. आता तो प्रत्येक बादलीवर मराठी व उर्दूत चिठ्ठी चिकटवतो: पाणी नळीतून, सांडेपर्यंत, एक दिवसाआड.