बँकेची खिडकी आणि माणसाची जात

वळ हे गाव भिवंडी तालुक्यात आहे. पूर्वी या भागात भाताची खाचरे होती. आता बऱ्याच खाचरांच्या जागी गोदामे उभी आहेत. दूरदूरचा माल येतो, उतरतो आणि पुन्हा गाड्यांत चढतो. कोणाची जमीन गोदामाला गेली, त्याच्या हाती पैसा आला. कोणाला हमालीचे काम मिळाले. कोणी पोटासाठी उत्तर प्रदेशातून आला, कोणी बिहारातून. आणि तालुक्यातले कातकरी भाऊ पावसाळा सरला की वीटभट्टीवर जातात. ते पूर्वी जात, आजही जातात.

या साऱ्यांना आता बँकेची पायरी चढावी लागते. मजुरी खात्यात जमा होते. म्हाताऱ्या माणसाचे पेन्शन खात्यात येते. २०२४ साली राज्य सरकारने लाडकी बहीण योजना काढली, तेव्हा गावोगावच्या बाया बँकेपुढे रांगा लावून उभ्या होत्या. बँक म्हणजे शेटसावकारांची जागा, हे दिवस गेले. मग प्रश्न असा, की या खिडकीपाशी सगळ्यांना सारखी वागणूक मिळते का?

समजा, सकाळचे अकरा वाजले आहेत. एक गोदामवाले शेट बँकेत आले. साहेब म्हणाले, "या शेट, बसा. चहा सांगू का?" शेटचे काम पाच मिनिटांत झाले. त्यांच्या मागे एक कातकरी बाई उभी होती. अंगावर जुने लुगडे, कडेवर पोर.

"काय गं, काय पाहिजे?"

"सायेब, खातं उघडायचंय."

"फॉर्म संपलेत. सोमवारी ये."

सोमवारी गेली, तर साहेब रजेवर. गुरुवारी गेली, तर म्हणाले, लाइटचे बिल आण. अहो, तिच्या झोपडीला मीटरच नाही, ती बिल कुठून आणणार? तीन खेपांत तिची तीन दिवसांची मजुरी बुडाली. चौथ्यांदा ती गेलीच नाही.

आता नीट पाहा. कोणी तिला शिवी दिली नाही. कोणी तिची जात विचारली नाही. 'तुला खाते देत नाही' असेही कोणी म्हटले नाही. फक्त 'सोमवारी ये' म्हटले. पण शेटला 'या, बसा' आणि तिला 'काय गं'! शेटला खुर्ची, तिला दारातली जागा. भेदभाव हा असाच असतो. तो आपले नाव सांगत नाही. तो फॉर्म संपल्याचे सांगतो.

तिचे पुढे काय होते? चार पैसे गाठीला असले तर ते पदराला बांधून ठेवते. कधी ते चोरीला जातात, कधी दारूच्या गुत्त्यावर जातात. आजारपण आले की हात रिकामा. मग ती भट्टीवाल्याकडे जाते. तो पैसे देतो. त्याला 'उचल' म्हणतात. ती उचल फेडायला सारे घर भट्टीवर जाते. हिशेब मालकाच्या वहीत असतो आणि तो कधी संपत नाही. १९७६ साली वेठबिगार बंद करण्याचा कायदा झाला. तरी ठाणे जिल्ह्यात त्यानंतर कितीतरी वर्षे वेठबिगार सोडवावे लागले. एका फॉर्माची गोष्ट इथवर जाते.

हे फक्त आपल्याकडेच होते असे समजू नका. अमेरिका हा केवढा श्रीमंत देश! तिथे काळ्या लोकांचे आजे-पणजे गुलाम होते. गुलामी गेली, पण मनातली अढी गेली नाही. १९३० नंतरच्या काळात तिथल्या एका सरकारी मंडळाने शहरांचे नकाशे काढले. घरासाठी कर्ज कुठे द्यावे आणि कुठे देण्यात धोका आहे, हे त्या नकाशांत रंगाने दाखवले होते. काळे लोक राहत त्या वस्त्या लाल रंगाने रंगवल्या. लाल म्हणजे धोका. त्या वस्तीतला माणूस कितीही सचोटीचा असो, त्याचा पत्ता पाहूनच त्याला नकार मिळे. १९६८ साली कायदा करून अशा वागण्याला बंदी घातली.

कायदा झाला, पण सवय राहिली. रायन कूगलर नावाचे तिथले एक नामवंत काळे सिनेमा दिग्दर्शक आहेत. २०२२ च्या जानेवारीत ते अटलांटा शहरातल्या एका बँकेत स्वतःच्या खात्यातले बारा हजार डॉलर काढायला गेले. एवढे पैसे चारचौघांत मोजू नयेत म्हणून त्यांनी पावतीच्या मागे तसे लिहून दिले. कारकून बाईला वाटले, हा दरोडेखोर आहे. पोलीस आले आणि त्यांच्या हातात बेड्या पडल्या. नंतर चूक कळली आणि बँकेने दिलगिरी दाखवली. पैसा असला, नाव असले, तरी खिडकीपाशी आधी कातडी दिसली.

आपल्याकडे कातडीच्या जागी जात दिसते, धर्म दिसतो, अंगावरचे कपडे दिसतात, बोली ऐकू येते. केंद्र सरकारने २००५ साली न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली होती. मुसलमान समाजाची हालत पाहण्याचे काम तिच्याकडे होते. २००६ साली तिने अहवाल दिला. त्यात लिहिले आहे, की काही बँकांनी मुसलमानांच्या वस्त्या 'नकारात्मक क्षेत्र' म्हणून ठरवून ठेवल्या आहेत आणि तिथे कर्ज व इतर सोयी सहज मिळत नाहीत. म्हणजे तोच लाल रंग! आता यंत्रमागवाल्याचा विचार करा. त्याला सूत घ्यायला पैसे लागतात. माग किती, माल किती खपतो, मागचे कर्ज फेडले की नाही, हे बँकेने विचारावे. तो तिचा हक्कच आहे. पण हे काही न विचारता, नुसता मोहल्ल्याचे नाव वाचून कागद बाजूला सारला, तर त्याने काय करावे?

आणि एक कडू गोष्ट. बँकेतला कारकून कोणी परका नसतो. तो तुमच्या-आमच्यासारख्याच घरातून आलेला असतो. आपणही बिहारी हमालाला 'ए भय्या' म्हणून हाकारतो. गावच्या पतपेढीत कर्जाला जामीन राहायची वेळ आली की आपणही आधी वाडी कोणती ते विचारतो. हे कसे विसरावे?

बरे, प्रत्येक नकार म्हणजे भेदभाव असेही नाही. यंत्र बंद असते. माणसे कमी असतात. कागद खरोखरच अपुरे असतात. पैशाचा कारभार आहे, तपास हा करावाच लागतो. मग ओळखायचे कसे? आम्ही एक साधी खूण सांगतो. जे उत्तर तुम्हाला दिले, तेच पुढच्या माणसाला दिले का, ते पाहा. यंत्र बंद असेल तर ते शेटलाही बंद असायला हवे.

आता साताऱ्याकडची एक हकीकत ऐका. ती तुम्हाला आवडेल, कारण ती तुमच्यासारख्याच, मोठेपणी लिहायला शिकलेल्या बायांची आहे.

सातारा जिल्ह्यात माण तालुका आहे. दुष्काळी मुलूख. तिथे म्हसवड गावी रस्त्याच्या कडेला राहून लोहारकाम करणारी एक बाई होती. तिला तीन लहान पोरे. पावसाळ्याआधी डोक्यावर घालायला प्लास्टिकचा कागद घ्यावा, म्हणून तिला रोज थोडे थोडे पैसे साठवायचे होते. ती बँकेत गेली. बँक म्हणाली, एवढ्याशा रकमेचे खाते आम्हाला परवडत नाही. ती काही कर्ज मागत नव्हती, दान मागत नव्हती. स्वतःचे पैसे ठेवायला जागा मागत होती!

त्या भागात काम करणाऱ्या चेतना गाला सिन्हा यांना तिने हे सांगितले. त्याही बँकेत जाऊन आल्या, पण उत्तर तेच. तेव्हा बायांनी ठरवले, आपलीच बँक काढू. रिझर्व्ह बँकेकडे परवाना मागितला. परवाना नाकारला गेला. कारण काय? बँक काढणाऱ्या बायांना लिहितावाचता येत नाही. अर्जावर अंगठे होते ना!

चेतनाताई रडत घरी आल्या. बाया म्हणाल्या, रडता कशाला? आम्ही शिकतो. दिवसभर काम करून त्या वर्गाला येऊ लागल्या. पाच महिन्यांनी पुन्हा अर्ज केला. या वेळी पंधरा बाया रिझर्व्ह बँकेच्या कचेरीत स्वतः गेल्या. त्या साहेबांना म्हणाल्या, आम्ही लहान होतो तेव्हा आमच्याकडे शाळाच नव्हती, त्यात आमचा काय दोष? आम्हाला कोणत्याही रकमेचे व्याज विचारा. नाही आले तर परवाना देऊ नका. आणि तुमच्या साहेबांनाही ते यंत्राशिवाय करायला सांगा. पाहू कोणाचे आधी होते!

१९९७ साली म्हसवडला माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. या बँकेची माणसे बाजारात आणि दारात जाऊन पैसे गोळा करतात, म्हणजे बाईची मजुरी बुडत नाही.

सगळ्यांना बँक काढता येणार नाही. पण नियम माहीत करून घेता येतात.

डिसेंबर २०१४ मध्ये रिझर्व्ह बँकेने ग्राहकांच्या हक्कांची सनद काढली. रिझर्व्ह बँक म्हणजे सगळ्या बँकांवर देखरेख करणारी बँक. सनदेतला पहिलाच हक्क न्यायाच्या वागणुकीचा आहे. बाई-पुरुष, वय, धर्म, जात किंवा शरीराचे अपंगत्व पाहून ग्राहकात भेदभाव करू नये, असे त्यात सांगितले आहे. ग्राहकाशी सौजन्याने वागावे, हेही त्यात आहे. म्हणजे 'काय गं' हे नियमाबाहेरचे आहे.

शिल्लक न ठेवता चालणारे साधे बचत खाते प्रत्येक बँकेत असते. शिल्लक नाही म्हणून त्याला दंड लागत नाही. कागदपत्र नसतील त्यांच्यासाठी 'छोटे खाते' असते. बँकेच्या अधिकाऱ्यासमोर फोटो द्यायचा आणि सही किंवा अंगठा करायचा. या खात्यात एका वेळी पन्नास हजारांपेक्षा जास्त रक्कम राहू शकत नाही. वर्षाला एक लाखापर्यंत भरता येतात आणि महिन्याला दहा हजारांपर्यंत काढता येतात. ते आधी एक वर्ष चालते. तेवढ्यात आधार किंवा दुसरा कागद काढायला अर्ज करावा, म्हणजे आणखी एक वर्ष मिळते. आमच्या कातकरी बाईला लाइट बिलाची गरजच नव्हती!

मासळीवाली सुटी नाणी घेऊन आली, तर ती बँकेला नाकारता येत नाहीत. फॉर्म आणि पावत्या इंग्रजी व हिंदीबरोबर मराठीतही असल्या पाहिजेत. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाने कर्जाचा अर्ज केला, तर तो शाखेतच नाकारू नये, वरच्या अधिकाऱ्याने पाहावा आणि नाकारण्याचे कारण स्पष्ट लिहावे, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगून ठेवले आहे. हा शेवटचा नियम फार मोलाचा आहे. तोंडी 'नाही' म्हणायला काही लागत नाही. कागदावर कारण लिहायचे म्हटले की माणूस दोनदा विचार करतो.

म्हणून तुम्हीही कागद पुढे करा. तुम्हाला आता लिहिता येते. अर्ज असा लिहावा :

"शाखाधिकारी साहेब यांस. मी अमुक तारखेला सकाळी अकरा वाजता आपल्या शाखेत खाते उघडण्यास आले. मला फॉर्म दिला नाही. सोमवारी येण्यास सांगितले. सोमवारी व गुरुवारीही काम झाले नाही. तरी माझे खाते उघडावे. उघडता येत नसेल तर त्याचे कारण लेखी कळवावे."

खाली नाव, गाव, सही. अर्जात राग लिहू नये. 'तुम्ही जात पाहिली' असे लिहिले तर ते म्हणतील, आम्ही कुठे जात विचारली? जे घडले, जे शब्द कानी पडले, तेवढेच लिहावे. तारीख, वेळ, खिडकी कोणती, हे लिहावे. आणि कोणी दलित किंवा आदिवासी माणसाला चारचौघांत जातीवरून अपमान करणारे बोलले, तर ते बँकेचे काम राहिले नाही. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने तो गुन्हा आहे. त्याची फिर्याद पोलीस ठाण्यात द्यावी.

अर्जाच्या दोन प्रती कराव्यात. एक बँकेत द्यावी. दुसरीवर शिक्का आणि तारीख घ्यावी. शिक्का देत नसतील तर अर्ज स्पीड पोस्टाने पाठवावा आणि पावती जपावी. तीस दिवस वाट पाहावी. उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर उशीर न करता रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करावी. त्याला फी नाही, वकील लागत नाही, मधला दलाल तर मुळीच लागत नाही. साध्या कागदावर हाताने लिहिलेली तक्रार चालते. सोबत बँकेला दिलेल्या अर्जाची प्रत जोडावी. पत्ता असा : भारतीय रिझर्व्ह बँक, चौथा मजला, सेक्टर १७, चंदीगड १६००१७. काही अडले तर १४४४८ या क्रमांकावर फोन करून विचारता येते.