चिकटवहीतला मजकूर : काय लिहायचे, कशाने लिहायचे

ओळ आणि आठवण : ‘अलिबाग, मे १९८७’ ही फोटोओळ. ‘एसटी चुकली, टेम्पोच्या हौद्यात बसून गेलो, आजीच्या मांडीवर फणस’ ही आठवण. स्क्रॅपबुकची हौस असणारे या दुसऱ्या प्रकाराला ‘जर्नलिंग’ म्हणतात.

तारखा दोन : प्रसंगाची आणि लिहिल्याची. साल नक्की नसेल तर ‘सुमारे’. खाली लिहिणाऱ्याचे नाव (हेच हमखास राहते).

शाई : पिगमेंट शाईचे रंगकण पाण्यात विरघळत नाहीत, उजेडातही बराच काळ टिकतात. डाय शाई ओलाव्याने पसरते, उन्हाने विटते. शाळेतली धुता येणारी निळी शाई या दुसऱ्या गटातली.

कागद : ‘आम्लमुक्त’ आणि ‘लिग्निनमुक्त’ या वेगळ्या गोष्टी, वहीवर दोन्ही शब्द हवेत. लिग्निन हा लाकडातला घटक. वर्तमानपत्र पिवळे पडते ते मुख्यतः त्याच्यामुळे. म्हणून कात्रणाची चांगल्या कागदावरची झेरॉक्स लावतात.

फोटोची पाठ : बॉलपेन नको, दाबाने अक्षरे पुढे उमटतात. जुन्या कागदी फोटोवर मऊ पेन्सिल चालते. प्लास्टिकचा थर असलेल्या रंगीत फोटोवर ती उठत नाही.

पेटंट : आधीच गोंद लावलेल्या पानांच्या चिकटवहीचे. १८७३, अमेरिका. घेणारे लेखक मार्क ट्वेन.