थंडीतल्या डोंगरवाटेची तयारी

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशीं गेला आणि सुट्टीचे आठ-दहा दिवस हाताशीं उरले, कीं पुण्यामुंबईच्या कित्येक घरांत हिमालयाचा बेत निघतो. हा काळ निवडण्यांत मुळींच चूक नाहीं. पावसाळा परतलेला असतो, हवा कोरडी व स्वच्छ होते, आणि वैशाखांत धुरकट पडद्याआड राहणारीं शिखरें कार्तिकांत रेखीव दिसूं लागतात. मात्र ज्या निरभ्र आकाशामुळें हें दर्शन घडतें, त्याच आकाशाकडे रात्रीं जमिनीची सारी ऊब निघून जाते. तिला अडविण्यास ढगांचें पांघरूण नसतें. शरद् सरून हेमंत लागण्याच्या या संधिकालांत स्वतःचें ओझें स्वतःच्या पाठीवर घेऊन डोंगर चढावयाचा, तर तयारी कोणती करावी, हें आज सांगावयाचें आहे. उदाहरण म्हणून दार्जिलिंगजवळची संदकफूची वाट घेतों; कारण त्या वाटेनें मी चाललों आहें, आणि तेथें माझी फजितीही झाली आहे.

मानेभंज्यांग या सुमारें ७,००० फूट उंचीच्या गांवापासून संदकफूचा माथा ३१ किलोमीटरांवर, ११,९२९ फुटांवर आहे. वाट भारत व नेपाळ यांच्या सीमेला धरून जाते. माथ्यावरून जगांतील सर्वांत उंच पांच शिखरांपैकीं चार दिसतात : एव्हरेस्ट, कांचनजंगा, ल्होत्से आणि मकालू. हजार फूट वर चढलें कीं हवा साधारण दोन अंशांनीं थंड होते, म्हणजे पायथा आणि माथा यांत सुमारें दहा अंशांचें अंतर पडतें. नोव्हेंबरांत माथ्यावरील रात्री शून्याखालीं जातात. त्यांत वारा असला तर विचारूंच नये. हवा शून्य अंशावर असतां ताशी तीस किलोमीटरांचा वारा सुटला, तर उघड्या कातडीला ती उणे सहा अंशांसारखी लागते.

आतां ती फजिती सांगतों. तिसऱ्या दिवशीं सकाळीं कालीपोखरीहून निघतांना दांत वाजत होते, म्हणून जवळ होतें तें सारें मीं अंगावर चढविलें : आंत सुती गंजिफ्रॉक, त्यावर सुती सदरा, दोन स्वेटर, मफलर, आणि सर्वांवर रबरी रेनकोट. चढ उभा, अर्ध्या तासांत घामाच्या धारा लागल्या. तरी एक वस्त्र उतरविलें नाहीं, कारण ‘थंडी बाधेल’ ही लहानपणापासूनची शिकवण. माथा जवळ आला तेव्हां शिखरें पाहण्यासाठीं आम्ही एका उघड्या धारेवर थांबलों. दहा मिनिटांत अंग कांपूं लागलें. पुढच्या पांच मिनिटांत रेनकोटाची गुंडी बोटांना सांपडेना. माझी मुलगी बरोबर होती. ती ‘बाबा, चहा घेतां का?’ असें म्हणाली, तर मी तिच्यावर उगाच खेकसलों, आणि खेकसतांना शब्द जिभेवर अडखळला. आमचा वाटाड्या, त्यास आम्ही दाजू म्हणत असूं, तो शब्द ऐकून वळला. त्यानें दंडाला धरून मला जवळच्या झोंपडींत नेलें, ओले कपडे काढविले, कोरड्या कांबळ्यांत गुंडाळलें आणि गोड चहाचे दोन पेले पाजले. कांप थांबण्यास पाऊण तास लागला. त्या वेळीं बाहेरची हवा शून्याच्या बरीच वर होती. मला गारठविणारें पाणी मीं माझ्याच अंगांतून काढलें होतें.

यांतलें शास्त्र आपल्या प्रत्येकाच्या घरांत आहे. माठांतलें पाणी गार होतें तें माठाच्या अंगावरील ओल सुकतांना आंतली उष्णता घेऊन जाते म्हणून. एक ग्रॅम पाणी शून्य अंशापासून उकळीपर्यंत तापविण्यास जेवढी उष्णता लागते, तिच्या पांचपटींहून अधिक उष्णता तेवढेंच पाणी वाफ होऊन जातांना घेतें. घामानें भिजलेला सुती गंजिफ्रॉक घातलेला माणूस हा चालता माठच होय. चालत असतां अंगांत उष्णता निर्माण होत असते, तोंवर कळत नाहीं. थांबतांच हिशेब उलटतो. शरीराच्या आंतील तपमान ३५ अंशांखालीं उतरलें कीं जिवाला धोका सुरू होतो. चिडचिड, अडखळतें बोलणें, बोटांचा गलथानपणा हीं त्याचीं आरंभींचीं चिन्हें आहेत, आणि ज्याला हें होतें त्याला स्वतःला तें उमगत नाहीं. म्हणून सोबत्यांनीं एकमेकांच्या बोलण्याकडे कान ठेवावा. कांपणारा मनुष्य ऊब न मिळतां एकाएकीं कांपावयाचा थांबला, तर त्याला बरें वाटूं लागलें असें समजूं नये. ती स्थिति अधिक वाईट. अशा वेळीं ब्रँडीचा घोट देण्याची चाल आहे, तीही घातक. दारूनें कातडीकडे रक्त धांवतें, क्षणभर उबेचा भास होतो, आणि आंतली उष्णता मात्र बाहेर वाहून जाते.

तेव्हां कपड्यांचा विचार असा करावा. अंगाला लागून पातळ लोंकरीचें किंवा कृत्रिम धाग्याचें वस्त्र असावें, सूत नको. लोंकर ओल शोषूनही बरीचशी उबदार राहते. त्यावर ऊब धरणारें जाडसर स्वेटर किंवा पिसांचें जाकीट; पण पिसें भिजलीं कीं निरुपयोगी होतात, म्हणून तें मुक्कामासाठीं राखावें. सर्वांत वर वारा व पाऊस अडविणारें पातळ कवच. निघतांना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. ती वाजत नसेल तर तुम्ही एक वस्त्र जास्त घातलें आहे. घाम फुटण्याआधीं थांबून काढावें, विसाव्याला बसण्याआधीं चढवावें. हें सांगावयास सोपें आहे. पण चाललेली ओळ थांबवून पिशवी उतरविण्याचा संकोच प्रत्येकाला होतो, आणि हा संकोचच बहुतेकांना भिजवितो. एक पुरता कोरडा जोड, पायमोज्यांसह, मेणकापडांत बांधून ठेवावा व रात्रीखेरीज सोडूं नये.

बूट महिनाभर आधीं घेऊन वापरांत आणावेत. घट्ट बुटांत मोज्यांचे दोन जोड कोंबणारे पुष्कळ असतात; त्यानें रक्त अडतें व पाय उलट अधिक गारठतो. पिशवीचें वजन आपल्या वजनाच्या पांचव्या हिश्शाहून अधिक नसावें. दसऱ्यापासून दर रविवारीं तेवढेंच ओझें घेऊन, तेच बूट घालून, पुणेकरांनीं सिंहगड चढावा. तेथें थंडी नसेल, पण घाम येतांच थांबण्याची संवय तेथेंही लागते.

रात्रीं थंडी वरून जितकी येते तितकीच खालून येते. महागडी स्लीपिंग बॅग घेऊन तिच्याखालीं कांहींच न घालणारा मनुष्य रात्रभर जमीन तापवीत पडतो. जाड चटई हवीच. निजण्यापूर्वीं मूठभर शेंगदाणे-गूळ किंवा डिंकाचा लाडू खावा. उकळत्या पाण्याची धातूची बाटली मोज्यांत घालून पायांशीं घ्यावी. सकाळीं तेंच पाणी प्यावयास मिळतें, गोठलेलें नसतें. विजेरीचे सेल पांघरुणांत ठेवावेत, थंडीनें ते मंद पडतात. आणि एक गोष्ट जीव तोडून सांगतों : बंद खोलींत कोळशाची शेगडी पेटती ठेवून कोणीही निजूं नये. तिच्यापासून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाहीं, वास नाहीं, आणि झोंपलेला मनुष्य त्यानें जागा होत नाहीं.

उंचीचा विचार निराळा. संदकफूला हवेचा दाब समुद्रकांठच्या दोनतृतीयांशाहून थोडा कमीच असतो. मोटारीनें एका दिवसांत वर जातां येतें. पायीं तीन दिवस लावणें शरीराला मानवतें. डोकें दुखूं लागलें, मळमळलें, तर वर जाऊं नये. न थांबल्यास खालीं उतरावें.

आणखी एक बाब मुंबईकर हटकून विसरतात. हा प्रदेश पूर्वेला बराच दूर. घड्याळ आपलेंच, पण सूर्य त्यांचा. नोव्हेंबरच्या मध्यावर मुंबईस सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तर तेथें पावणेपांचालाच. दुपारीं तीनपर्यंत मुक्काम गांठावा असें दाजू रोज बजावीत असे, आणि आम्हांला तो उगाच घाई करतो असें वाटे.

तो ओला गंजिफ्रॉक मीं त्या रात्रीं झोंपडीबाहेर दोरीवर टाकला होता. पहाटे मुलीनें तो आणला तेव्हां पापडासारखा ताठ झाला होता. हात लावतांच कडकड वाजला. कांचनजंगेवर त्याच वेळीं पहिलें ऊन पडत होतें, आणि ती मला दोन्ही एकदमच दाखवीत होती.