‘डेंजर आहे, म्हणून बांधलाय’

ठाणे-बेलापूर रस्ता सोडून पावणे एमआयडीसीत शिरलं, की एखाद्या तरी कंपनीच्या गेटवर हा कुत्रा भेटतो. वॉचमनच्या केबिनला आखूड साखळीने बांधलेला, शेजारी पालथी पडलेली पाण्याची थाळी, आणि साखळी पुरेल तेवढ्यात येरझाऱ्या घालून गुळगुळीत झालेलं मातीतलं अर्धवर्तुळ. टेम्पो आत आला की तो मागच्या पायांवर उभा राहून साखळी ताणतो आणि टेम्पो बाहेर पडेपर्यंत गळा फाडून भुंकतो. ‘डेंजर आहे, म्हणून बांधलाय,’ हे वॉचमनचं ठरलेलं उत्तर. बहुतेक वेळा घडलेलं असतं ते उलटं.

अनोळखी माणूस अंगावर येतोय असं वाटलं, की मोकळा कुत्रा सहसा आधी लांब सरकतो. बांधलेल्याला ती सोय नाही. त्याच्यापाशी दात दाखवणं एवढाच उपाय उरतो. शिवाय माल उतरला की टेम्पो जाणारच असतो, पण कुत्र्याच्या हिशेबात तो भुंकल्यामुळे गेला. दिवसभर गाड्यांची ये-जा, म्हणजे दिवसभर हाच धडा पक्का होतो. रात्रपाळी सुटल्यावर बाइकमागे धावणाऱ्या कुत्र्यांचंही गणित हेच. बाइकवाला घाबरून रेस करतो, पसार होतो आणि पाठलाग यशस्वी ठरतो. वेग उतरवला तर बहुतेकदा कुत्र्याचाही उत्साह उतरतो.

आपला कुत्रा आपण कसाही बांधावा, कायद्याला त्याचं काय, असंही समजलं जातं. प्राण्यांवरील क्रूरता रोखणाऱ्या १९६० च्या कायद्याचं अकरावं कलम अशांनी वाचावं. फार आखूड किंवा अवजड साखळीने गैरवाजवी काळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहेच, शिवाय कायम बांधलेल्या कुत्र्याला वाजवी व्यायाम न देणं हाही मालकाचा गुन्हा आहे. फिरवणं मालकाच्या मर्जीवर सोडलेलंच नाही.

‘अंधारात कोंडा, कच्चं मटण घाला, मग बघा कसा तिखट होतो,’ हा सल्लाही जुना. मटणाने पोट भरतं, स्वभाव बदलत नाही. कोंडण्याने मात्र कायमचं नुकसान होऊ शकतं. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जी माणसं, आवाज, वाहनं न घाबरता अनुभवतं, त्यांचं त्याला पुढे सहसा काही वाटत नाही. त्या काळात कोंडलेलं पिल्लू भित्रं होतं, आणि भित्रा कुत्रा चोर कोण, कुरिअरवाला कोण, असा फरक करत बसत नाही. मालकाच्या पोरालाही चावतो.

मग सोडा आणि पळवा, झालं? कोपरखैरणे-वाशीच्या फ्लॅटमध्ये लॅब्रॅडॉर पाळणाऱ्यांचा हा आवडता समज. शिकाऱ्याने टिपलेले पक्षी आणून देण्यासाठी घडवलेली ही कामकरी जात. १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या वेळी मुंबईत आरडीएक्स हुडकून देणारा पोलिसांचा ‘जंजीर’ लॅब्रॅडॉरच होता. असा कुत्रा हॉलमध्ये दिवसभर एकटा ठेवला तर सोफा फाडणारच. व्यायामाने अस्वस्थता उतरते यात वाद नाही. पण पाहुण्यांच्या अंगावर उडी मारू नये, हे पळून कळत नाही. चारही पाय जमिनीवर असताना कौतुक करायचं, उडी मारली की पाठ फिरवायची, असं ते शिकवावं लागतं. नुसतं पळवत राहिलं तर दम वाढतो आणि काही आठवड्यांनी त्याला थकवायला आणखी पळावं लागतं. त्यापेक्षा फिरताना थांबून मनसोक्त हुंगू द्यावं, त्यात डोकं चालतं. पावसाळ्यात जुन्या टॉवेलच्या घड्यांत खाऊ लपवून शोधायला लावावा. उन्हाळ्यात डांबरावर आपला तळहात काही सेकंद ठेववत नसेल तर त्याचे पाय भाजणार, हे उघड आहे. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला तर मे महिन्यात पळवूच नये.

एवढं करूनही बिघडतं, ते घरात एकवाक्यता नसते म्हणून. बाबा ‘नाही’ म्हणतात आणि आजी ताटाआडून पोळीचा तुकडा सरकवते. कधीमधी मिळणारं बक्षीस सवय फार घट्ट करतं. लॉटरीचं तिकीट घेणाऱ्याला विचारा. आजीने हात आखडला की पहिले काही दिवस कुत्रा आधीपेक्षा जास्त मागे लागतो. नेमकं तेव्हाच लोक कंटाळून तुकडा टाकतात आणि ‘जास्त भुंकलं की मिळतं’ हे शिकवून मोकळे होतात.

दोन फटके देऊन ‘मालक कोण’ ते दाखवावं, ही समजूत बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणांवर उभी आहे. ती लोकप्रिय करण्यात ज्यांच्या पुस्तकाचा वाटा होता, त्या लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनीच १९९९ मध्ये लिहिलं, की रानातला कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पिल्लं, मारामारी करून ठरलेला म्होरक्या आणि त्याची प्रजा नव्हे. आणि चप्पल फाडल्यावर कान पाडून बसतो तो पश्चात्ताप असतो, हेही खरं मानू नये. संशोधक अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांच्या २००९ च्या प्रयोगात काहीच न केलेले कुत्रेसुद्धा मालक रागावल्यावर तसाच चेहरा करत होते. तासाभराने दिलेला मार कशाबद्दल, हे त्याला कळत नाही.

एरवी शांत असलेला कुत्रा अचानक गुरगुरू लागला तर ट्रेनरआधी डॉक्टर गाठावा. कान, दात किंवा सांधा दुखत असू शकतो. चावलाच, तर जखमेत हळद-चुना भरू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवून त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठावा, कुत्रा घरचा असला तरी.